फिरत्या स्टेज-शोसाठी लाइटचं सॉफ्टवेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीच्या महिनाभर आधी आणि पुन्हा लग्नसराईच्या तोंडावर आमच्याकडे एकाच प्रश्नाचे फोन येतात: "लाइट चालवायला लॅपटॉपवर काय टाकू?" हे पान त्यांच्यासाठी. इंदूरहून टेम्पोत सामान भरून देवास, उज्जैन, महूपर्यंत शो करणारी मंडळं, ऑर्केस्ट्रा, हौशी नाट्यसंस्था आणि मॅरेज गार्डनमध्ये संगीत संध्या करणारी पोरं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. मोठ्या टूरवर काम करणाऱ्यांना यात नवीन काही मिळणार नाही.

सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कोणतं, ते एका वाक्यात सांगा ना.

एका वाक्यात: जे तुमच्या ऑपरेटरला अंधारात, घाईत, कानाशी ढोल वाजत असताना चालवता येईल ते.

लोक आधी सॉफ्टवेअर ठरवतात, मग त्याला चालेल अशी डबी शोधतात आणि शेवटी "ए, तू बसशील का रे लॅपटॉपवर?" असं कुणाला तरी विचारतात. आमचं म्हणणं, हा क्रम उलटा करा. आधी बसणारा माणूस ठरवा. मग लॅपटॉपमधून लाइटपर्यंत सिग्नल नेणारी डबी घ्या, आणि ती बऱ्यापैकी घ्या. सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. ते बदलता येतं, निम्म्या वेळा फुकटही मिळतं. माणसाचा हात बसायला मात्र एक अख्खा सीझन जातो.

आमचा शो कोणत्या प्रकारचा, हे कसं ओळखायचं?

पुढच्या क्षणाला काय होणार हे आधीच माहीत असतं का, एवढंच स्वतःला विचारा.

नाटकात माहीत असतं. पडदा उघडला की क्यू (लाइट बदलायची ठरलेली खूण) एक, नायिका खिडकीशी गेली की क्यू दोन. तिथे क्यू-लिस्ट लागते: एकाखाली एक ओळी, प्रत्येकीला चढायचा-उतरायचा वेळ आणि पुढे सरकायला एक 'गो' बटण. ऑपरेटरची नजर संहितेवर असते, स्क्रीनवर नसते. त्यामुळे त्या बटणाचा आकार मोठा हवा आणि चुकून पुढे गेलं तर मागे येण्याची सोय सहज सापडायला हवी. पुण्या-मुंबईच्या नाटक मंडळींच्या तोंडी क्यू नंबरच असतात. त्यांच्यासमोर रंगीबेरंगी बटणांचं पान उघडलंत तर त्यांचा जीव खालीवर होतो.

ऑर्केस्ट्रात काहीच माहीत नसतं. निवेदक म्हणतो "आता एक हळुवार गाणं" आणि वादक ढोलकी काढतात. तिथे क्यू-लिस्ट गळ्यात धोंड होते. तिथे हवीत बटणं: निळं, अंबर, गुलाबी, बीम (फिरत्या मानेच्या लाइटचा झोत) वर, बीम प्रेक्षकांच्या डोक्यावरून, सगळं पांढरं, ब्लॅकआउट. रंग वेगळा, हालचाल वेगळी, उजेड वेगळा, म्हणजे तिन्हीची सरमिसळ हवी तशी करता येते. आठ रंग आणि सहा हालचालींची चौदा बटणं केली की अठ्ठेचाळीस दिसणं हाताशी येतात.

लग्नातला संगीत कार्यक्रम या दोन्हींच्या मधला. आत्याबाईंचा नाच ठरलेल्या ट्रॅकवर, पण तो कधी सुरू होईल ते देवालाच ठाऊक. दोन्ही प्रकार एकाच फाइलमध्ये ठेवता येतील असं सॉफ्टवेअर इथे उपयोगी.

फुकट मिळणाऱ्यांत काय घ्यावं?

क्यूएलसी प्लस. पहिला शो करणाऱ्याला आम्ही डोळे झाकून हेच सांगतो. मुक्त स्रोताचं आहे, विंडोज, मॅक, लिनक्स आणि रास्पबेरी पायवरसुद्धा चालतं, आणि आउटपुटवर कुलूप नाही. त्यातला 'व्हर्च्युअल कन्सोल' म्हणजे कोरा फळा: बटण, फेडर (वरखाली सरकवायची पट्टी), क्यू-लिस्ट आपल्याला हवं तिथे मांडायचं. सीन (लाइटचं एक ठरलेलं दिसणं), चेसर (एकामागून एक बदलणारे सीन), बीम फिरवायला ईएफएक्स आणि पिक्सल बारसाठी (सुट्या दिव्यांची पट्टी) आरजीबी मॅट्रिक्स एवढी चार अंगं कळली की मंडळाचा शो होतो. खोट सांगायची तर ही की बीमची जागा किंवा एखादा रंग एकदा नोंदवून सगळ्या सीनमध्ये एका फटक्यात बदलणं मोठ्या डेस्कवर जितकं सोपं, तितकं इथे नाही. आज देवासचं स्टेज, उद्या उज्जैनचं, ट्रसची (लाइट टांगायच्या सांगाड्याची) उंची वेगळी. मग प्रत्येक सीनमधला बीम नव्याने लावत बसावं लागतं. फिरत्या शोवाल्यांना हे टोचतं.

ते टोचायला लागलं की चॅमसिसचं मॅजिकक्यू बघा. पीसीसाठीचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि आर्ट-नेट किंवा एसएसीएनवरून (नेटवर्कच्या या पद्धती पुढे येतील) लाइटला सिग्नलही देतं. जागा, रंग, गोबो (झोतातली नक्षी) यांचे पॅलेट असतात. पॅलेटमधली 'गायक' ही जागा नव्या स्टेजवर एकदा नीट केली की ती वापरणारा प्रत्येक क्यू आपोआप नीट होतो. काही सोयी मात्र कंपनीचं हार्डवेअर जोडल्याशिवाय उघडत नाहीत, आणि पहिले काही दिवस स्क्रीन बघून डोकं गरगरतं. त्याला इलाज नाही.

डीएमएक्सकंट्रोल आणि फ्रीस्टाइलर ही दोन्ही विंडोजपुरती. दुसरं जुन्या वळणाचं आहे, पण ज्यांचा हात त्यावर बसलाय त्यांनी उगाच सोडू नये. मॅकवाल्यांना लाइटकी आवडतं. दिसायला फार देखणं, फुकटात थोडेच चॅनल, पुढे पैसे.

मोठ्या कंपनीचं फुकट सॉफ्टवेअर डाउनलोड केलं. स्क्रीनवर सगळं फिरतं, लाइट मात्र ढिम्म. काय चुकतंय?

बहुधा काहीच चुकत नाही. ग्रँडएमए३ ऑनपीसी डाउनलोड फुकट आहे, पण कंपनीचं हार्डवेअर जोडल्याशिवाय ते लाइटला सिग्नल देत नाही. नाटकवाल्यांच्या आवडत्या ईऑसचंही तसंच: आउटपुटसाठी नोमॅड नावाचा डोंगल (यूएसबीत खोचायची परवान्याची किल्ली) लागतो. शिकायला दोन्ही उत्तम. उद्या संध्याकाळी शो असेल तर निरुपयोगी.

यूएसबीची स्वस्त डबी चालेल का? ऑनलाइन तर सगळे तीच विकतात.

टेबलावर चालते, स्टेजवर दगा देते. कारण समजून घ्या, म्हणजे दुकानदार काहीही म्हणाला तरी फसणार नाही.

डीएमएक्स ५१२ ही लाइटला सिग्नल द्यायची, १९८६ साली अमेरिकेत ठरलेली पद्धत. एका वायरवरून ५१२ चॅनल (लाइटच्या एकेका गुणाचे, म्हणजे उजेड, रंग, मान यांचे कप्पे), प्रत्येकाची किंमत ० ते २५५. हे आकडे सेकंदाला अडीच लाख बिट या वेगाने एकामागून एक जातात. पूर्ण ५१२ची एक फेरी व्हायला साधारण २३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त ४४ फेऱ्या. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला एक ठरावीक थांबा असतो. त्यावरून लाइटला कळतं की आता पहिल्या चॅनलपासून मोजायचं.

स्वस्त डबीत, म्हणजे 'ओपन डीएमएक्स' पद्धतीच्या डबीत, स्वतःचं डोकं नसतं. हा थांबा आणि प्रत्येक फेरी लॅपटॉपला स्वतः मोजून पाठवावी लागते. त्याच क्षणी विंडोजला अँटिव्हायरस आठवला की फेरी लांबते, कधी तुटते. स्टेजवर पार (साधे रंगीत लाइट) लुकलुकताना दिसतात, किंवा एखादा बीम मधेच मान झटकतो. लोक लाइट बदलतात, वायर बदलतात, सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

'प्रो' जातीच्या डबीत छोटा प्रोसेसर असतो. लॅपटॉप फक्त आकडे देतो, ठेका डबी सांभाळते. लॅपटॉप क्षणभर अडखळला तरी शेवटचे आकडे लाइटकडे जात राहतात. शिवाय चांगल्या डबीत विद्युत विलगीकरण असतं. ट्रसवरच्या वायरीतून उलटा करंट आला तर डबी मरते, लॅपटॉप वाचतो. आमच्या मते बजेटमधला पहिला पैसा इथे लावावा. चार पार कमी घ्या.

यूएसबी की नेटवर्क? आर्ट-नेट, एसएसीएन ही काय भानगड आहे?

डीएमएक्सचे तेच आकडे साध्या नेटवर्क केबलवरून न्यायच्या या दोन पद्धती. स्टेजवर एक 'नोड' ठेवायचा. तो नेटवर्कमधून आलेले आकडे पुन्हा डीएमएक्सच्या सॉकेटवर काढून देतो. लॅपटॉप प्रेक्षकांच्या मागे, स्टेज ६० मीटरवर, मध्ये एक कॅट सिक्सची वायर, आणि त्या एका वायरीतून चार-आठ युनिव्हर्स (एक युनिव्हर्स म्हणजे ५१२ चॅनल). तांब्याच्या नेटवर्क केबलची हद्द १०० मीटर, हे ध्यानात असू द्या. त्यापुढे मध्ये स्विच लागतो.

फिरत्या शोला यूएसबीपेक्षा हेच बरं. यूएसबीची वायर लांब करता येत नाही आणि तिच्या टोकाला कुलूप नसतं. कुणाचा पाय लागला की खेळ खलास.

दोहोंत निवडायचं तर बहुतेक नोड दोन्ही ओळखतात. आर्ट-नेट सगळीकडे चालतं. एसएसीएनमध्ये प्रत्येक लॅपटॉपला प्राधान्याचा आकडा देता येतो (नेहमीचा १००, कमाल २००), त्यामुळे दुसरा लॅपटॉप कमी आकड्यावर तयार ठेवता येतो. पहिला बंद पडला की नोड दुसऱ्याचं ऐकतो. एक खोडी मात्र: आर्ट-नेटची मोजणी ० पासून, एसएसीएनची १ पासून. "सगळं बरोबर आहे पण पहिली लाइन लागत नाही" अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच बघतो. त्यानंतर बघायचा तो लॅपटॉपचा आयपी पत्ता. नोडचा पत्ता २ ने सुरू होणारा आणि लॅपटॉपचा १९२ ने, असं असलं की दोघांची गाठ पडत नाही. आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. चालू असलं तर सॉफ्टवेअर कधी कधी तिकडेच सिग्नल सोडत बसतं.

आमचे लाइट एका युनिव्हर्समध्ये मावतील का?

कागदावर मांडा. मंडळाचा एक नेहमीचा सेट घेऊ: १६ एलईडी पार, प्रत्येकी ८ चॅनल, झाले १२८. ८ बीम, प्रत्येकी १६, आणखी १२८. ६ वॉश मूव्हिंग हेड (पसरट उजेडाचे फिरते लाइट), प्रत्येकी १५, म्हणजे ९०. दोन स्ट्रोबचे ८, हेझरचे (हलका धूर सोडणारं यंत्र) २. एकूण ३५६. आरामात बसलं.

आता कुणीतरी म्हणतो, पिक्सल बार आणू या, मस्त दिसतात. १८ दिव्यांच्या एका बारला दिव्यागणिक लाल-हिरवा-निळा मिळून ५४ चॅनल, चार बारचे २१६. एकूण ५७२. गेला एक युनिव्हर्स. म्हणून एकच आउटपुट असलेली डबी घेताना पुढच्या वर्षीचा हट्टही मोजून ठेवा.

पत्ते देताना बीमला १, १७, ३३, ४९ असे सोळासोळाच्या अंतराने द्या, आणि प्रत्येक लाइटच्या बुडाला मार्करने पत्ता लिहून ठेवा. पावसात, हातात टॉर्च धरून, मेनूमध्ये पत्ता शोधण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आमच्या चायना बीमचं नाव कुठल्याच यादीत नाही.

नसणारच. पेटीवर 'शार्पी' लिहिलेलं असलं तरी आत काय आहे ते बनवणाऱ्यालाच ठाऊक. खरी शार्पी क्ले पाकीची, १८९ वॉटच्या दिव्याची. आपल्याकडे बीमच्या प्रत्येक डब्याला शार्पीच म्हणतात.

लाइटच्या मेनूत आधी १६ चॅनलचा मोड आहे की २०चा ते बघा. मग बरोबर आलेला कागद काढा. कागद हरवला असेल तर सॉफ्टवेअरमधले साधे फेडर उघडून एकेक चॅनल वर करत जा आणि काय हलतं ते लिहून काढा. अर्ध्या तासाचं काम. क्यूएलसी प्लसबरोबर फिक्स्चर (म्हणजे लाइट) एडिटर येतो, त्यात ही माहिती भरली की तुमची फाइल तयार. एक चॅनल जपून: दिवा बंद करणारा किंवा रिसेट करणारा. तो वेगळा ओळखून ठेवा आणि कुठल्याही सीनमध्ये येऊ देऊ नका. नाहीतर ऐन आरतीत आठही बीम मान खाली घालतात आणि कवायत केल्यासारखे पुन्हा जागेवर येतात.

सॉफ्टवेअर विकत घेत असाल तर जीडीटीएफ फाइल वाचतं का ते विचारा. ही वेगवेगळ्या कंपन्यांनी मान्य केलेली सामाईक फाइल-पद्धत आहे.

बीम गायकावर लावायला जातो तर कधी डाव्या खांद्यावर, कधी उजव्या. मधे थांबतच नाही!

तुमचा बीम ८ बिटवर चालतोय. मान ५४० अंश फिरते आणि ती हालचाल २५५ पायऱ्यांत वाटली तर एक पायरी २ अंशांहून जरा मोठी होते. दहा मीटरवर हे अंतर ३७ सेंटिमीटर पडतं. दोन खांद्यांमधलं अंतर जवळपास तेवढंच, म्हणून गायक मधल्या मध्ये हरवतो.

बीमला 'पॅन फाइन' आणि 'टिल्ट फाइन' असे आणखी दोन चॅनल असतात. त्यांनी पायऱ्या ६५ हजारांवर जातात. लाइटच्या मेनूत तो मोड लावा आणि सॉफ्टवेअरमधल्या फिक्स्चर फाइलमध्ये ते दोन्ही चॅनल जोडलेले आहेत याची खात्री करा. फाइल उतरवून घेतलेली असेल तर हमखास इथेच गडबड असते.

नाटकात संध्याकाळ हळूहळू मावळायला हवी. एलईडी मात्र पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात.

पाच मिनिटांचा फेड म्हणजे ३०० सेकंद. ८ बिटमध्ये २५५ पायऱ्या, म्हणजे सुमारे सव्वा सेकंदाला एक. वरच्या टोकाला, २०० वरून १९९ होताना, डोळ्याला काही कळत नाही. खाली ३ वरून २ होताना उजेड एका झटक्यात तिसऱ्या हिश्शाने पडतो, आणि शेवटी १ वरून ० म्हणजे कुणीतरी बटण बंद केल्यासारखं. प्रेक्षकांना कारण कळत नाही, पण खटकतं सगळ्यांनाच. जुन्या हॅलोजनमध्ये तार हळूहळू निवते, त्या उबेत या पायऱ्या विरघळून जातात. रवींद्र नाट्यगृहात जुनी नाटकं बघितलेली माणसं "तो मऊ उजेड आता राहिला नाही" म्हणतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

सॉफ्टवेअर बदलून हे जात नाही. लाइटला १६ बिट डिमर असेल तर तो मोड लावा. नसेल तर लाइटच्या मेनूत 'डिमर कर्व्ह' किंवा 'स्मूद' नावाची सोय शोधा. तीही नसेल तर मावळतीचं काम दोन-तीन हॅलोजनवर सोपवा आणि एलईडी त्याआधीच, वरच्या उजेडाच्या आडून, बंद करून टाका. आमचा कल या शेवटच्या उपायाकडे. हॉलचे डिमर चालू असतील तर त्यांना तुमच्याच सॉफ्टवेअरमध्ये एक वेगळा युनिव्हर्स द्या, म्हणजे दोन डेस्कवर दोन माणसं बसवावी लागत नाहीत.

सगळं साउंड मोडवर (लाइट आवाजावर आपोआप चालतात तो) सोडून दिलं तर?

तर निवेदकाच्या खोकल्यावरसुद्धा स्ट्रोब मारेल.

नाच ठरलेल्या ट्रॅकवर आहे. लाइट गाण्याशी तंतोतंत बांधता येतील?

येतील, दोन वाटांनी. पहिली साधी: सॉफ्टवेअरमध्येच गाणं टाकायचं आणि त्याच्या टाइमलाइनवर सीन मांडायचे. क्यूएलसी प्लसमध्ये याला 'शो' म्हणतात. गाणं त्याच लॅपटॉपवरून वाजणार, म्हणजे साउंडवाल्याशी आधी बोलून घ्यावं लागतं. आणि साउंडवाले आपला आवाज लाइटवाल्याच्या लॅपटॉपवर सोपवायला सहजी तयार होत नाहीत. त्यांचंही बरोबरच आहे.

दुसरी वाट टाइमकोडची. ट्रॅकच्या एका चॅनलवर गाणं, दुसऱ्यावर वेळ सांगणारा सिग्नल. तो लाइटच्या लॅपटॉपला द्यायचा. डीजेने ट्रॅक कुठूनही सुरू केला तरी लाइट तिथूनच पकडतात. पण त्या सिग्नलची वायर चुकून स्पीकरला लागली तर मांडवभर किरकिर ऐकू येते, म्हणून केबलवर ठळक चिठ्ठी लावा. आणि डीजेने ट्रॅकचा वेग बदलायचा नाही हे वधूच्या भावाला आधीच सांगून ठेवा.

बाकी चार-पाच नाचांसाठी एवढा खटाटोप नको. 'टॅप' बटणावर बोटाने ठेका देऊन चेसरचा वेग जुळवता येतो.

अनंत चतुर्दशीच्या झांकीवर (मिरवणुकीतल्या देखाव्यावर), चालत्या ट्रॉलीवर, लॅपटॉप न्यायचा का?

शक्यतो नको. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण या मिलांचे भोंगे केव्हाच थांबले, पण त्यांच्या झांक्या अजून रात्रभर निघतात आणि ते पाहायला अख्खं इंदूर रस्त्यावर उतरतं. त्या गर्दीत, धक्क्यांत, भादव्याच्या पावसात लॅपटॉपची स्क्रीन बघत बसायला ट्रॉलीवर जागा कुठे?

झांकीत तोच देखावा पुन्हा पुन्हा चालतो. त्यासाठी स्टँडअलोन डबी घ्या. सॉफ्टवेअरमध्ये घरी बसून सीन बांधायचे, डबीच्या मेमरीत भरायचे, लॅपटॉप काढून घ्यायचा. वीज आली की डबी स्वतःच सुरू होते. डासलाइट, सनलाइट ही सॉफ्टवेअरं अशाच डब्यांबरोबर येतात. हाताने जुळणी करायची आवड असेल तर रास्पबेरी पायवर क्यूएलसी प्लस टाकून सुरू होताच शो चालेल असंही करता येतं. मात्र कार्डवरची फाइल अचानक वीज गेल्यावर बिघडू शकते. दुसरं कार्ड खिशात ठेवा.

वायरलेस डीएमएक्स ट्रॉलीवर लावायचा मोह होतो. बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वाय-फाय आणि ब्लूटूथही तिथेच. राजवाड्यासमोर प्रत्येकाच्या हातात फोन असतो. एकाच ट्रॉलीवर दोन मीटरची वायर टाकायचा आळस कशाला?

शोच्या लॅपटॉपमध्ये काय काय बदलायचं?

अपडेट थांबवा, स्क्रीनसेव्हर आणि झोप बंद, पॉवर सेटिंगमध्ये यूएसबीला झोपवणारा 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद, सूचनांचे आवाज बंद. शोचा लॅपटॉप घरच्या मुलांना गेम खेळायला देऊ नका. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटरनेटला न जोडता नुसत्या शोसाठी ठेवायचा असेल तर जुनं मशीन अजून उपयोगाचं आहे.

लॅपटॉप नवाच हवा असं नाही. नेटवर्कचं खरं सॉकेट असलेला, आणि चार्जर काढल्यावर तासभर टिकणारा असला म्हणजे झालं. शो फाइल पेनड्राइव्हवर आणि स्वतःला मेल करून ठेवा. नाव 'फायनल' न देता तारीख द्या.

जनरेटरवर गेलो की लाइट वेड्यासारखे वागतात. सॉफ्टवेअरचा दोष का?

नाही. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, नोड मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्या वेळात लाइटला सिग्नल मिळत नाही. नोड, नेटवर्क स्विच आणि डीएमएक्स स्प्लिटर (एका लाइनच्या अनेक लाइन करणारी डबी) एका छोट्या यूपीएसवर घ्या. तिघांना मिळून फारच थोडी वीज लागते.

डिस्चार्ज दिव्याच्या बीमचं दुखणं वेगळं. वीज क्षणभर गेली तरी दिवा विझतो, आणि निवल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. त्या काही मिनिटांसाठी नुसत्या पारवर चालणारं एक पान तयार ठेवा.

यूपीएस लावल्यानंतरही लुकलुक राहिलीच तर वायर तपासा. माइकची वायर डीएमएक्सला लावलेली असेल तर ती काढा. दिसायला सारखी, पण डीएमएक्सला ११० ते १२० ओहमची लागते. लाइनच्या शेवटच्या लाइटला १२० ओहमचा टर्मिनेटर (मोकळ्या सॉकेटमध्ये खोचायचा प्लग) लावा. एका लाइनवर ३२ पेक्षा जास्त लाइट नकोत, त्यापुढे स्प्लिटर. आणि तीन फेजच्या जनरेटरचा न्यूट्रल घट्ट आहे की नाही ते लाइट जोडण्याआधी मीटर लावून इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. तो सुटला तर २३० व्होल्टच्या लाइटवर ४०० च्या आसपास चढू शकतात. मग सॉफ्टवेअरची चर्चा करायला लाइटच उरत नाहीत.

माउसने शो चालवायचा कंटाळा येतो.

यायलाच हवा. मिडी कंट्रोलर (बटणं-फेडरचा छोटा बोर्ड) जोडा. अकाईच्या एपीसी मिनीवर ६४ बटणं आणि ९ फेडर आहेत, बटणांत दिवे आहेत, आणि तो पाठीवरच्या पिशवीत मावतो. सॉफ्टवेअर मिडीचा परतीचा सिग्नल पाठवत असेल तर चालू असलेलं बटण पेटलेलं दिसतं. अंधारात हेच हवं असतं. ब्लॅकआउटचं बटण कोपऱ्यात ठेवा. मधे ठेवलंत की कुणीतरी चहाचा ग्लास त्याच्यावरच टेकवतो.

लाइट न लावता घरी सराव होईल?

मॅजिकक्यूबरोबर मॅजिकव्हिस येतं, ग्रँडएमए३मध्ये थ्री-डी खिडकी आहे. स्क्रीनवरच्या काल्पनिक स्टेजवर बीम कुठे पडतो ते दिसतं. रंगांवर विश्वास ठेवू नका, स्क्रीनवरचा अंबर आणि तुमच्या पारचा अंबर यांची सोयरीक नसते. जागा आणि वेळ मात्र नीट जुळवता येतात. राजेंद्रनगरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आठ बीम लावून बघणं तसंही शेजाऱ्यांना मानवत नाही.

डोंगल तोडलेलं सॉफ्टवेअर मित्राकडे आहे. घेऊ?

नको. कायद्याचा भाग आहेच, शिवाय एक व्यवहार बघा: त्याला अपडेट मिळत नाही, आणि बाहेरून आलेला डिझायनर नव्या आवृत्तीची फाइल घेऊन आला की ती उघडतच नाही. नावाजलेल्या डेस्कच्या नकलांबाबतही हेच. ज्यांच्यापुढे खरोखर पैशांचा प्रश्न आहे त्यांच्यासाठी फुकट आणि सचोटीचे पर्याय वर सांगितलेच आहेत.

लेझरही यातूनच चालेल का?

छोटे, तयार नक्ष्यांचे लेझर डीएमएक्सवर चालतात. स्वतःचं नाव किंवा चित्र काढायचं तर वेगळं सॉफ्टवेअर आणि आयएलडीए या लेझरच्या पद्धतीची वेगळी वायर लागते. लेझर प्रेक्षकांच्या डोळ्यांच्या पातळीवर आणू नका, सिंहासनावर बसलेल्या नवरा-नवरीच्या तर नाहीच. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्याचा सेन्सरही त्याने जळतो, आणि ते बिल लाइटवाल्याच्या नावावर येतं.